त्या दुपारी शालननं काय खाल्लं

शालन गेल्याचं मला कुणी सांगितलं नाही, मी ते पाहिलं. इथं चीनमध्ये साडेअकरा वाजले होते, म्हणजे आमच्या सोनईत सकाळचे नऊ. हॉटेलच्या किचनमध्ये दुपारच्या गिऱ्हाइकासाठी मी कणकेचे गोळे करत होते. हात पिठात होते, म्हणून करंगळीनं फोन सरकवला आणि माझ्या मुलीचं, नसरीनचं, स्टेटस उघडलं. त्यात शालनचा फोटो, खाली दोन समया आणि ‘भावपूर्ण श्रद्धांजली’. फोटो ओळखीचा होता. दीड वर्षापूर्वी ती आणि तिचे मालक इकडे फिरायला आले होते, तेव्हा शिआन शहराच्या तटावर काढलेला. त्या फोटोत तिच्या शेजारी मी उभी होते. मला कापून टाकलं होतं. तिच्या खांद्यावर माझी चार बोटं तेवढी राहिली होती... खोटं कशाला सांगू, पहिल्यांदा मला तेच दिसलं. ती गेली, हे त्याच्यानंतर आत शिरलं.

त्याच सकाळी सातला तिनं दुकानाची किल्ली मालकांच्या हातात दिली, ओट्यावर बसली, ती उठलीच नाही. दवाखान्यात नेईपर्यंत संपलं होतं. मी जाऊ शकले नाही. एवढ्या लांबून कोण कधी पोचतं? तेराव्यानंतर दाजींचा फोन आला. दाजी म्हणजे शालनचे मालक, रावसाहेब. शालन माझी बहीण नव्हे, शेजारीण. पण गल्लीत लहानपणापासून कुणी एकीला हाक मारली की दोघी ‘ओ’ द्यायचो, तेव्हा तिचा नवरा तो माझा दाजी. इकडचं तिकडचं बोलून झालं, मग दाजी म्हणाले,

“हमीदा, एक इचारायचं हुतं.”

“इचारा की दाजी.”

“तितं माजं पोट बिघडलं हुतं बघ, मी रूमवर पडलो हुतो. त्या दिवशी दुपारी तुमी दोघीच गेल्ता. कुटं गेल्ता? काय खाल्लं तिनं?”

मी म्हटलं, “दाजी, गिऱ्हाईक आलंय, मग सांगते.”

गिऱ्हाईक आलं नव्हतं. हॉटेल रिकामं होतं. पुढं आणखी दोनदा त्यांनी तेच विचारलं आणि दोन्ही वेळा मी काहीतरी सांगून फोन ठेवला. कारण त्यांच्याकडं तिची सत्तावीस वर्षं आहेत. चीनच्या सगळ्या दिवसांचे फोटो त्यांच्या फोनमध्ये आहेत, ती खाताना, हसताना, चपलेतला खडा काढताना. एक ती दुपार तेवढी त्यांच्याकडं नाही. ती माझ्याकडं आहे आणि मला ती द्यायची नव्हती. शिवाय त्या दुपारी मी तिला एक फार वाईट बोलले होते. द्यायची तर दुपार अख्खी द्यावी लागली असती. मेलेल्या मैत्रिणीच्या नवऱ्याचा हेवा करणारी ही कसली बाई, असं तुम्ही म्हणाल. म्हणा. त्याच्याआधी मी तिचाही केलाय, चांगली चाळीस वर्षं.

आमची घरं एका भिंतीला लागून. माझ्या अब्बांचं सायकल दुरुस्तीचं दुकान, तिच्या वडलांचा ऊस. झेडपीच्या शाळेत आम्ही एका बाकावर होतो आणि गणितात मी तिच्या पुढं होते, हे मी आजही सांगते, कुणी विचारलं नाही तरी सांगते. सातवीत अम्माला जुळे झाले, ती अंथरुणाला खिळली आणि मला ‘चार दिवसांसाठी’ घरी ठेवलं. ते चार दिवस अजून संपलेले नाहीत. शालन पुढं दहावीपर्यंत गेली. आठवीची सहल खर्ड्याच्या किल्ल्याला गेली होती, ती आल्याआल्या पायही न धुता आमच्या दारात आली आणि सांगत बसली. पायऱ्या कशा, बुरुजावर वारा कसा, बाईंची चप्पल कशी तुटली, जेवताना माकडानं कुणाची पोळी पळवली. मी चुलीपाशी भाकरी थापत ऐकत होते. तिला वाटायचं, सांगितलं की ते वाटून होतं, समोरच्याला निम्मं मिळतं. मला वाटायचं, हिची सहल झाली आणि वर मलाच ऐकायला लावते. पण दुसऱ्या दिवशी ती आली नाही तर मी भिंतीवर वाटी आपटून तिला बोलवायचे, हेही खरं.

तिचं लग्न गावातच झालं. रावसाहेबांचं बी-बियाणं आणि खतांचं दुकान, आमच्या गल्लीपासून हाकेच्या अंतरावर. माझं लग्न नगरच्या सलीमशी. ते आचारी. आधी पुण्यात होते, मग एका ओळखीच्यानं त्यांना चीनमध्ये शिआनला एका इंडियन हॉटेलात लावलं. आठ वर्षांपूर्वी हॉटेलच्या मालकांनी सांगितलं, रोटीसाठी बाईमाणूस मिळालं तर बरं. तेव्हा मी दहा वर्षांच्या नसरीनला अम्माजवळ ठेवून विमानात बसले. मी तोवर पुण्यापलीकडं गेले नव्हते. इथं उतरल्यापासून आजपर्यंत छातीत एक धडधड आहे ती आहेच... कागद वेळेवर होतील का, मालक नाराज तर नाहीत ना, फोन वाजला तर गावाकडून कसला. हे लिहितानाही आहे. सातवी अर्धवट सोडलेल्या बाईचं पेपरात कोण छापणार? पण मी कागदावर लिहिलं, फोटो काढून पाठवला आणि नसरीननं टाईप करून दिलं.

अब्बा आधीच गेलेले, जुळे भाऊ कामासाठी लांब. मी आले, आणि मागं माझं सगळं शालननं उचललं. कुणी सांगितलं नव्हतं. अम्माला बीपीच्या गोळ्या ती द्यायची, नगरला डोळ्याच्या ऑपरेशनला तीच घेऊन गेली. नसरीनच्या केसांतल्या उवा तिनं काढल्या. रमजानमध्ये पहाटे येऊन दारावर थाप मारायची, अम्मा झोपून राहिली तर सहेरी चुकेल म्हणून. व्हिडिओ कॉल करायचे तेव्हा फोन शालनच्या हातात असायचा. पडद्यावर अम्मा आणि कडेला हिरव्या बांगड्या. मी तिचे उपकार कसे फेडू, असं रोज म्हणायचे. आणि मनात रोज त्या बांगड्या मोजायचे. ती जागा माझ्या हाताची होती ना. एकदा नसरीन ‘माई म्हणाली, माई म्हणाली’ करत होती, मी विचारलं, कोण माई? तर शालन. माझी पोर तिला माई म्हणायला लागली होती आणि मला कुणी सांगितलंही नव्हतं.

तीन वर्षांपूर्वी अम्मा गेली. माझा पासपोर्ट तेव्हा मुदत वाढवायला दिलेला, ऑफिसातून हलेना. अम्मा शालनच्या मांडीवर गेली. नसरीन तिथं होती. तिनं मला सांगितलं की नानी शेवटी म्हणाली, “शालन, पानी दे गे.” बस्स, एवढंच. माझं नाव नाही. मी किती वेळा तिला खोदून विचारलं, आधी काही म्हणाली का, नंतर काही म्हणाली का. नाही, अम्मी, तेवढंच. त्यानंतर बारावी होईपर्यंत नसरीन शालनच्याच घरी राहिली. आता ती नगरला नर्सिंगला आहे. म्हणजे माझी आई तिच्याकडं गेली आणि मुलगीही तिच्याकडं वाढली, आणि मी इथं दुसऱ्यांसाठी रोट्या करत होते.

मग एक दिवस तिचा फोन. “हमे, आमी तुज्याकडं येतोय गं!” खताच्या कंपनीची स्कीम असते. डीलरनं टार्गेट पुरं केलं की परदेशाची ट्रिप, जोडप्याची. बाकीचे डीलर दुसरं तिकीट भावाच्या, मेहुण्याच्या नावावर करतात आणि बायका घरी राहतात. गावात पहिल्यांदा कुणी बायकोला नेलं असेल तर ते रावसाहेबांनी. आधी सगळ्या डीलर मंडळींबरोबर बीजिंग, तिथली ती मोठी भिंत वगैरे. आणि मग बाकीचे मागं फिरले तेव्हा ही दोघं चार दिवस जादा काढून आगगाडीनं माझ्याकडं. स्टेशनवर मी त्यांना लांबून पाहिलं. शालन काठापदराच्या साडीत, पायात पांढरे बूट, आणि दाजींच्या खांद्याला तिची पर्स. बाईची पर्स! मला बघून त्यांनी ती लपवलीसुद्धा नाही.

शिआनला जुन्या शहराभोवती रुंद तट आहे, आमच्या खोलीपासून चालत पाव तासावर. मी तिथं कधी चढले नव्हते. सुट्टी मिळाली की झोप काढायची, कपडे धुवायचे, गावाला फोन करायचा, तेवढ्यात सुट्टी संपते. दाजींना ते कळल्यावर म्हणाले, “मेव्हनीबाई, येवढी वर्सं ऱ्हाऊन तट बघितला न्हाई? सलीमभाईंनी कुलूप लावून ठिवलं का काय?” सगळे हसले. सलीमही हसले, मीही हसले, आणि ते कुलूप दिवसभर माझ्या गळ्यात लोंबत राहिलं. तटावर भाड्यानं सायकली मिळतात, दोघांनी मिळून चालवायच्या, एकामागं एक बसून. दाजींनी तशी घेतली. शालननं पदर खोचला, मागं बसली, आणि ती दोघं सोनईच्या बाजारात निघाल्यासारखी घंटी वाजवत निघाली. मी पिशव्या घेऊन मागून चालत होते. पुढं गेली, लहान झाली, बुरुजाआड गेली. तिचं हसू मात्र वाऱ्यानं माझ्यापर्यंत येत होतं. माझ्या अब्बांचं सायकलचं दुकान होतं, सायकल मला येत होती, तिला तर येतही नव्हती. ती नुसती पाय हलवत होती, दाजी ओढत होते. बुरुजापाशी मी त्यांना गाठलं तेव्हा दाजींनी आमचा दोघींचा तो फोटो काढला.

दुसऱ्या दिवशी मातीचे सैनिक पाहायला गेलो. जमिनीखालून काढलेले, रांगाच्या रांगा, प्रत्येकाचा चेहरा वेगळा. लोक गप्प होऊन बघत होते आणि शालन कठड्यावर वाकून गावातली माणसं शोधत होती. “त्यो बग आपला पोस्टमन. आन त्यो गाल बसल्याला, त्यो आपल्या गल्लीचा वायरमन न्हाई का?” दाजी म्हणाले, “मी कुटाय त्यात?” ती म्हणाली, “तुमी न्हाई. तुमी आसतात तर मुंडी मोडून मागं माज्याकडंच बगत आसतात.” मी हसले. पण मनात आलं की सलीम त्या रांगेत असते तर सरळ पुढं बघत उभे राहिले असते. चांगले आहेत, कष्टाळू आहेत, मला कधी वेडंवाकडं बोलले नाहीत. पण सरळ पुढं.

संध्याकाळी मशिदीजवळच्या खाऊगल्लीत गेलो. हिरव्या पाट्या, कोळशाचा धूर, काड्यांना टोचलेलं मटण, डाळिंबाचा ताजा रस. टोमॅटोसारखं दिसणारं एक गोड फळ असतं, त्याच्या गराचे तळलेले वडे. आपल्याकडं खेड्यात काय पद्धत, आधी पुरुषानं जेवायचं आणि मग त्याच ताटात बाईनं. ह्या दोघांचं सगळं उलटं. कुठलीही वस्तू एकच घ्यायची, ती आधी शालनच्या हातात. तिनं निम्मी खायची, उरलेली दाजींनी. भर रस्त्यात, बायकोचं उष्टं.

दाजी म्हणाले, “आदी तूच बग, लई तिखट आसंल तर मी खायचा न्हाई.”

“म्हंजी मी मेले तर चालंल?”

“तू कशाला मरतीस? तू मलाच पोचवनार.”

मी शेजारी अख्खी काडी हातात धरून उभी होते, माझी एकटीची. इतकं चविष्ट मटण, पण ते मला गिळवेना. माझ्या हातातलं निम्मं मागणारं कुणी नव्हतं.

तिसऱ्या दिवशी दाजींचं पोट बिघडलं. थंडगार नूडल्स त्यांना फार आवडल्या होत्या, दोन प्लेटी खाल्ल्या, त्याचं झालं. लॉजवर पांघरूण घेऊन पडले. शालन उशाशी बसून राहणार होती, पण दाजीच म्हणाले, “जा गं तिच्यासंगं. ती हितं एकटीच आसती, तिला कोन भेटतंय आपलं बोलायला?” म्हणजे ती एक दुपारसुद्धा मला दाजींनीच दिली होती. हे मला रस्त्याला लागल्यावर सुचलं आणि तिथंच माझं तोंड कडू झालं.

मी तिला गल्लीच्या टोकाला एका जुन्या दुकानात नेलं. तिथं पाओमो मिळतो. एक घट्ट, कोरडी, तळहाताएवढी रोटी आणि रिकामा वाडगा आपल्यापुढं ठेवतात. रोटी आपण आपल्या हातानं मोडायची, मग तो वाडगा आत जातो आणि मटणाच्या रश्श्यात शिजून परत येतो. शालननं आधी हळूच विचारलं, “मोठ्याचं न्हाई ना गं?” मी म्हटलं, न्हाई, मेंढीचं. “मग हान,” म्हणाली, आणि रोटी बघून खूश झाली. “आगं, हे तर आपलं कुस्करनं! कालवन कुटाय?” तिनं बाजरीच्या भाकरीसारखे मोठे मोठे तुकडे पाडले. दुकानातली म्हातारी बाई ते बघून आली, च्‌ च्‌ करत एक तुकडा उचलला आणि हरभऱ्याच्या डाळीएवढा करून दाखवला. इतका बारीक हवा, तरच रस्सा आत मुरतो. शालन म्हणाली, “घ्या! सासू हितं बी भेटली.” आणि खाली मान घालून कामाला लागली. बघता बघता तिचे तुकडे अगदी एकसारखे पडायला लागले. तिच्या हाताला कुठलंही काम लगेच यायचं. मी आठ वर्षांपैकी साडेसहा वर्षं तेव्हा इथं काढली होती, रोज रोट्या करत होते, पण ह्या दुकानात गिऱ्हाईक म्हणून कधी बसले नव्हते. माझे तुकडे जाडेभरडे पडत होते.

बोलता बोलता मी विचारलं, “शालन, अम्मा शेवटी काय म्हनली गं?”

तिनं रोटीचा एक तुकडा वाडग्यात टाकला. मग म्हणाली, “तुजं नाव घेत हुत्या. हमीदा, हमीदा करीत गेल्या.”

ते खोटं होतं. मला माहीत होतं, नसरीननं सांगितलं होतं. तिनं माझ्यासाठी, मला बरं वाटावं म्हणून ते रचलं होतं, हे आज कळतं. तेव्हा काय झालं कुणास ठाऊक... माझी आई हिच्याकडं आणि तिचे शेवटचे शब्दही हिच्याकडं. त्यातलं मला काय द्यायचं, तेही हीच ठरवणार, सहलीवरून आल्यासारखी. माझ्या डोळ्यांपुढं ती सायकल आली, ती पर्स आली, ते निम्मं खाणं. आणि मी म्हणाले, “तुला पोर न्हाई म्हनून दाजी तुज्या मागं मागं फिरत्यात, ध्यानात ठेव. घरात दुसरं हायच कोन त्यांना? आन म्हनूनच माजी आई आन माजी पोर घिऊन बसलीस.”

सत्तावीस वर्षांत दोघांनी किती दवाखाने केले, ते मला माहीत होतं. एका दवाखान्यात मीच तिच्याबरोबर गेले होते. आमच्या गल्लीत दुसरं कुणी तिला बोललं असतं तर मी त्याच्या झिंज्या ओढल्या असत्या, असलं ते बोलणं.

शालनचे हात थांबले नाहीत. रोटी मोडत राहिली. चेहऱ्यावर काही दिसेना, फक्त कानाच्या पाळ्या लाल झाल्या होत्या. बऱ्याच वेळानं माझ्या वाडग्यात वाकून बघितलं आणि म्हणाली, “तुजं तुकडं जाड ऱ्हायलं गं. आत रस्सा जायचा न्हाई.”

तेवढ्यात ती म्हातारी बाई वाडगे न्यायला आली. शालननं आपला वाडगा दोन्ही हातांनी धरून ठेवला. “आगं, माजी भाकर कुटं नेती ही?” आजूबाजूचे लोक हसायला लागले. मी तिला समजावलं, प्रत्येक वाडग्याबरोबर नंबरचा एक बिल्ला आत जातो, तसाच दुसरा आपल्यापुढं राहतो. ज्याच्यापुढं जो नंबर, त्याच्यापुढं तो वाडगा येतो. “आसं व्हय,” म्हणाली आणि सोडला. वाडगे गेले. मी मान वर करत नव्हते. टेबलावर तिचे हात काहीतरी सारखं करत होते, मला वाटलं पाणी पुसतेय.

वाडगे आले. मी चमचा तोंडात घातला आणि मला कळलं. तुकडे डाळीएवढे, एकसारखे, रश्श्यानं फुगलेले, जिभेवर विरघळणारे. तो वाडगा माझा नव्हता. तिनं बिल्ले बदलले होते. समोर ती माझा वाडगा खात होती. जाड गोळे, बाहेरून भिजलेले आणि आत पांढरे, कोरडेच. तिनं त्यातलं काही ठेवलं नाही. “लई ग्वाड हाय,” म्हणाली. बाहेर आल्यावर एक गोड वडा बांधून घेतला, ह्यांचं पोट बरं झालं की देते म्हणाली. मी माफी मागितली नाही. दुसऱ्या दिवशी स्टेशनवर तिनं मला मिठी मारली तेव्हा मी तिच्या तोंडाकडं निरखून बघितलं, काही राग दिसतो का. ती म्हणाली, “नसरीनची काळजी करू नगं.” पुढं दीड वर्ष दर आठवड्याला बोलणं व्हायचं. दर वेळी वाटायचं, आज म्हणीन. आणि मग पाऊस किती झाला, कांद्याला भाव काय, ह्यातच फोन संपायचा.

म्हणून दाजी विचारायला लागले तेव्हा मला दुसरीच भीती वाटली. ह्यांना माहीत असेल का? माझ्या तोंडून काढून घ्यायचंय का ह्यांना? गेल्या आठवड्यात एका दुपारी धीर केला आणि मीच फोन लावला. दाजी दुकानात होते. मागं खताच्या गोण्या, तिचा हार घातलेला फोटो, तोच, माझी चार बोटं असलेला. मी सांगायला सुरुवात केली. दुकान, म्हातारी बाई, रिकामा वाडगा, रोटी... आणि दाजी मध्येच हसले.

“आन ती म्हनली, आगं माजी भाकर कुटं नेती ही!”

मी म्हटलं, “तुमाला म्हाईत हाय?”

“आगं तवाच सांगितलं की तिनं. रूमवर आली, बूट काढायच्या आत सुरू. दोनदा सांगितलं. माजं पोट दुखतंय आन मला हसू आवरंना.”

“मग मला कशाला इचारत हुता दाजी?”

दुकानासमोरून ट्रॅक्टर गेला, तो त्यांनी जाऊ दिला. मग म्हणाले, “आता ती सांगत न्हाई ना. दुसऱ्या कुनाच्या तरी तोंडनं ऐकावं वाटलं. तितं तूच हुतीस.” आणि चष्मा काढून पुसत म्हणाले, “तुजं लई कौतिक केलं तिनं. म्हनली, माजं तुकडं पडलं जाडंभरडं, हमीदानं गुपचूप बिल्लं बदललं. तिचं बारीक केल्यालं मला दिलं आन माजं कच्चं तिनं खाल्लं. म्हनली, हमी लहानपनापासनं आशीच हाय.”

मी तोंड उघडलं. तेवढ्यात खरंच गिऱ्हाईक आलं, चार जण, आणि सलीमनी हाक मारली. मी म्हटलं, “व्हय दाजी,” आणि फोन ठेवला.

दोन रोट्या करपल्या त्या दिवशी. काम आटपल्यावर मी त्या दुकानात गेले. त्या म्हातारीनं मला ओळखलं की नाही, सांगता येत नाही. तिनं वाडगा आणि रोटी ठेवली. मी फार वेळ लावून बारीक तुकडे केले आणि ते करताना मला एकेक गोष्ट समजत गेली. शालन नवऱ्याला सगळं सांगायची. माझ्याकडं एक दुपार आहे म्हणून मी जी जपत होते, ती त्याच संध्याकाळी दाजींच्या उशाशी जाऊन पोचली होती. मला इतका राग आला तिचा... मेल्यावरही. पण तिनं ती जशीच्या तशी नेली नव्हती. माझं बोलणं तिनं वाटेतच कुठंतरी टाकून दिलं होतं, आणि स्वतःचा चांगुलपणा माझ्या नावावर घातला होता.

हे टाईप करताना नसरीन मध्येच थांबली. तिनं फोन केला, “अम्मी, ते पोर नसल्याचं बोललीस, ते पण लिहू?” तिचा आवाज वेगळाच होता. मी म्हटलं, ते पण लिही. माझ्याशी बोलू नकोस चार दिवस, पण लिही.

दाजी, रविवारी दुकान उघडायच्या आधी तुम्ही पेपर वाचता, मला माहीत आहे. बारीक तुकडे तिचे होते. जाडे माझे. बिल्ले तिनं बदलले. आणि त्याच्याआधी मी तिला काय म्हणाले, ते तुम्ही आत्ताच वर वाचलंत. फोन करून शिव्या द्या, मी उचलीन. तिनं तुमच्यापासून काही लपवलं असेल असं तुम्हाला वाटत नसेल, पण हे लपवलं, आणि ते माझ्यासाठी लपवलं. दीड वर्ष ते फक्त आम्हा दोघींचं होतं, आणि ती गेल्यापासून माझं एकटीचं. तिचं एवढंच असं होतं, जे तुमच्याकडं नव्हतं. मला अजूनही द्यावंसं वाटत नाही... घ्या.